मोरचुदाचे दिवस

परवा सकाळी भाजीबाजारात एका माणसाने मेथीची जुडी माझ्या पिशवीत ठेवली, तेव्हा त्याच्या नखांकडे लक्ष गेलं. नखांच्या कडा निळ्या होत्या. पेरांवरच्या रेषांतही निळं साचलं होतं. म्हणजे छाटणी झाली. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत आता मोरचूद आणि चुन्याची फवारणी चालू असणार. उघड्या वेलींवर, मांडवाच्या तारांवर, बांधाच्या दगडांवर तो निळसर पांढरा थर बसला असणार, आणि दुपारच्या उन्हात सगळ्या बागा आजारी माणसाच्या अंगासारख्या फिकट दिसत असणार. मी मेथी घेतली आणि कोथिंबीर घ्यायची विसरून घरी आले. मी यादीतलं काही विसरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

घरी अन्वीची ई-मेल येऊन पडली होती. सोबत एक फोटो. काचेची पेटी, तळाशी हिरवं शेवाळ आणि त्यावर सहा लाल ठिपके. ‘आजी, आम्ही श्रिंप आणले. ईशानने सगळ्यांची नावंपण ठेवली. आजोबांचे नियम तुझ्याकडे असतील ना? पाठव.’

नियम माझ्याकडे आहेत, एका कार्डावर. ते टाइप करून पाठवायला पाच मिनिटं पुरली असती. आज तिसरा दिवस. नुसतं कार्ड पाठवलं तर तुमच्याशी खोटं वागल्यासारखं होईल असं वाटतं, म्हणून आधी हे लिहायला बसले आहे. बाहेर ऑक्टोबरचं ऊन आहे. पाऊस नुकता संपल्यामुळे हवेत ओल आहे आणि वरून चटका. कपडे वाळतात, माणूस वाळत नाही.

तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते. आयुष्यभर कालव्यांचं आणि चाऱ्यांचं पाणी मोजलं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं गच्चीत गुलाब लावले, ते जगले नाहीत. मग एके दिवशी शकीलच्या दुकानातून एका पिशवीत बारा लाल कोळंब्या घेऊन आले. पिशवी उजेडासमोर धरून मला म्हणाले, “बघ, पाय चालताना दिसतात.” नखाएवढ्या होत्या. मला दिसलं ते एवढंच, की पाण्यात कुणीतरी कुंकू सांडलं आहे आणि ते हलतं आहे.

नातेवाइकांनी त्यांना सोडलं नाही. “वहिनी, जवळा पाळलाय म्हणे तुमच्याकडे. कालवण कधी?” आजोबा हसायचे. कोळंब्यांना ते ‘मंडळी’ म्हणत. सकाळी चहाच्या आधी टाकीसमोर वाकून, “काय मंडळी, झोप झाली का?” मे महिन्यात टाकीभोवती ओलं फडकं गुंडाळत. वीज जायची तेव्हा, आणि त्या वर्षांत ती रोज कित्येक तास जायची, हवेचा पंप बंद पडे. मग ते स्टूल ओढून बसत आणि पेल्याने पाणी वर घेऊन बारीक धारेने पुन्हा टाकीत सोडत. पेला भरल्याचा, मग धार पडल्याचा आवाज. दुपारभर तेवढाच आवाज घरात असे. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा.

हळूहळू शहरात असे आणखी काही वेडे निघाले आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे जमू लागले. आजोबांना ते तात्या म्हणत. सात-आठ जण असत, पण न चुकता येणारे तिघं. शकील, ज्याचं माशांचं दुकान होतं आणि जो पाण्याचा वास घेऊन टाकीची तब्येत सांगे. पंचवटीतले गुरुजी, जे सकाळी यजमानांची कार्यं उरकून सोवळ्याची पिशवी काखेत घेऊनच येत. आणि दिंडोरीजवळचे द्राक्षबागाईतदार भाऊसाहेब. भाऊसाहेबांनी मळ्यात जुन्या हौदात मंडळी सोडली होती, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा त्यांचीच जास्त वाढली होती.

“गुरुजी, आप तो शाकाहारी,” शकील चिडवायचा. “ह्यांच्याकडे बघून पाप नाही लागत?”

“बघितल्याने लागत असतं तर तुझ्या दुकानासमोरून मी रोज जातो,” गुरुजी म्हणायचे. “चिवडा इकडे सरकव.”

त्यांचा एक रिवाज होता. दर बैठकीला ज्याची मंडळी वाढली असतील त्याने दहा जणी दुसऱ्याला द्यायच्या. विकायच्या नाहीत. याला गुरुजींनी नाव दिलं होतं पाठवणी. कारण साधं होतं. एवढासा जीव, एका दुपारच्या उकाड्याने टाकी रिकामी होऊ शकते. मग ज्याच्या घरी आपल्या लेकी दिल्या असतील तिथून त्यांची लेकरं परत आणायची. मी शाळेची ग्रंथपाल. मला असं काही दिसलं की वही काढल्याशिवाय राहवत नाही. कुणाकडून कुणाकडे, किती, कोणत्या महिन्यात, असे रकाने मी आखले. पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. “काकू, ह्यांचं पुस्तक परत करायची तारीख काय?” असं शकील विचारायचा.

ऑक्टोबरच्या बैठकीत मात्र भाऊसाहेब आत येत नसत. छाटणीनंतरच्या फवारणीने त्यांचे हात मनगटापर्यंत निळे असत. तीनदा साबण लावून यायचे, तरी उंबऱ्याच्या बाहेर पायपुसण्याशेजारी बसायचे, दोन्ही हात काखेत घालून. मी चहा दिला तर म्हणायचे, “खाली ठिवा काकू. मोरचूद हाय हाताला. एक थेंब टाकीत पडला तर समदी मरतील.” ते दरवर्षी हे सांगत. मी दरवर्षी ऐकत होते. कप जमिनीवर ठेवत होते.

तीन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत, दसरा झाल्यावर, आजोबांना दम लागायला लागला. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात नेताना, जिन्यात खुर्चीवर बसवून उतरवत असताना, त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “कार्ड लावलंय टाकीला. तसंच कर.” स्वतःच्या औषधांविषयी काही बोलले नाहीत.

कार्ड मी त्यांनाच दिलं होतं, शाळेतल्या पुस्तकांच्या जुन्या तालिकेतलं, कडक, खाली भोक असलेलं. त्यावर त्यांच्या अक्षरात सात ओळी होत्या. तिसरी ओळ अशी. ‘पाणी कमी झाल्यास रात्रभर साठवलेलं पाणी घालावं. रोज एक जग. सावकाश.’

उन्हाने टाकीचं पाणी बोटभर खाली गेलं होतं. आजोबा पाणी गच्चीवर एका निळ्या बादलीत साठवत. मी वर जाऊन पाहिलं, तर बादलीत पिंपळाचं पान कुजलेलं आणि कडेला हिरवट चिकटा. असलं पाणी मी भांडी घासायलासुद्धा घेतलं नसतं. घरात रात्रभर साठवलेलं, चौपदरी फडक्याने गाळलेलं पाणी होतंच, स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या हंड्यात. आम्ही तेच पीत होतो. दसऱ्याला मी तो हंडा चिंच-मीठ लावून आतून बाहेरून घासला होता आणि तो नवरीसारखा झळकत होता. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी ते होतं. मी ते घातलं. रोज सकाळी एक जग, सावकाश, आणि वहीत तारखेपुढे बरोबरची खूण.

तिसऱ्या दिवशी मंडळी फारच आनंदात दिसली. एरवी शेवाळावर बसून कण टिपत राहणाऱ्या त्या सगळ्या एकदम पोहत होत्या, वर, खाली, काचेला धडकून परत, थांबतच नव्हत्या. मला बरं वाटलं. दवाखान्यात जाऊन मी आजोबांना सांगितलं, “आज तुमची मंडळी खूप खेळत होती. सगळ्या टाकीभर नुसत्या पळत होत्या.”

त्यांनी डोळे उघडले. नाकात नळी होती. “पळत होत्या?”

“मजेत.”

“पाणी कुठलं घातलंस?”

“रात्रभर ठेवलेलं. कार्डावर आहे तसंच.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग “बरं” म्हणाले आणि डोळे मिटले. मला वाटलं, थकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जग हातात घेऊन मी टाकीपाशी गेले तेव्हा टाकीत काही हलत नव्हतं. सगळ्या तळाशी आडव्या पडल्या होत्या. लाल रंग जाऊन शिजवल्यासारख्या गुलाबी झाल्या होत्या. शेवाळात एक छोटी उभीच राहिली होती, तिला बोट लावलं तर ती कलंडली. मी जग खाली ठेवला. किती होत्या हे मोजायला मी बसले, सवयीने, आणि मग मोजणं सोडून दिलं. त्यांना चहाच्या गाळणीने काढून तुळशीच्या कुंडीत पुरलं. त्या दिवशी वहीत खूण केली नाही.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, “मंडळी?”

“छान आहेत,” मी म्हणाले.

आठ दिवस मी हे रोज म्हणाले. माणसाला खोटं बोलायचीही शिस्त लागते. दवाखान्याचा जिना चढताना मी वाक्य ठरवून जायची. आज दोघींनी कात टाकली. आज एकीच्या पोटाखाली अंडी दिसतात. ते ऐकून त्यांचा श्वास जरा संथ होतो असं मला वाटायचं. अशी ती अंडी मी रोज वाढवत होते.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. आजोबांनी निरोप दिला होता की मी नसलो तरी बैठक व्हायची. मी टाकीवर चादर घातली आणि चिवडा काढून ठेवला. तिघंच आले. भाऊसाहेब उंबऱ्याबाहेर बसले, हात काखेत. कुणी काही विचारायच्या आत शकीलने चादरीचं टोक उचललं, खाली वाकला आणि पाण्याचा वास घेतला.

“काकू, पाणी कुठलं घातलं?”

“घरातलं. पिण्याचं. गाळलेलं.” माझा आवाज चढला होता. मी आत गेले आणि एका पेल्यात हंड्यातलं पाणी घेऊन आले. “हे. हे मी स्वतः पिते.”

शकीलने पेला घेतला. मग त्याची नजर माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली आणि तिथेच थांबली. गुरुजींनीही तिकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी बाहेरून मान वाकडी करून आत पाहिलं. त्यांनी काखेतले हात बाहेर काढले, मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत हळू आवाजात म्हणाले, “काकू, ह्यो हंडा तांब्याचा हाय ना?”

“हो. मग?”

“मोरचूद म्हंजी दुसरं काय असतंय. तांबंच की.”

रसायनशास्त्राचं कपाट आमच्या ग्रंथालयात खिडकीशेजारी होतं. क्रमांक पाचशे चाळीस. तीस वर्षं मी ती पुस्तकं मुलांच्या हातात दिली. मिशनच्या शाळेत शिकताना मोरचुदाचं इंग्रजी नाव मी फळ्यावर एकही चूक न करता लिहिलं होतं आणि बाईंनी वर्गाला माझी वही दाखवली होती. उंबऱ्याबाहेर बसून दरवर्षी एक माणूस मला तेच सांगत होता. मी त्याचा कप जमिनीवर ठेवत होते.

“माझ्याकडेही एकदा ताम्हनातलं पाणी पडलं होतं, वहिनी,” गुरुजी म्हणाले. ते खरं होतं की मला सावरायला म्हणाले, मला अजून माहीत नाही.

शकील टाकीसमोर उकिडवा बसला होता. “ही काच आता धुऊन उपयोग नाही. वाळूत, स्पंजमध्ये, सगळीकडे उतरलं असेल ते. माझ्याकडे याच मापाची चालू टाकी आहे. पाण्यासकट आणतो.”

“आणि मंडळी?”

“तात्यांच्याच आणू,” भाऊसाहेब म्हणाले. “तीन सालाखाली पाठवणी झाली नव्हती का? वही बघा. हौदात लय झाल्यात.” मग स्वतःच्या हातांकडे बघून, “मी नाय हात लावायचो. आमची मालकीण भरून दील.”

“तात्यांना आपण काही सांगायचं नाही,” शकील म्हणाला.

“मला खोटं बोलायला लावू नका,” गुरुजी म्हणाले. “मी बोलणारच नाही. चिवडा खात बसेन.”

दोन दिवसांनी भाऊसाहेबांच्या पत्नी एस.टी.ने आल्या, मांडीवर आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा धरून. झाकणाला त्यांनी दाभणाने भोकं पाडली होती. पंचवीस-तीस होत्या, आणि खरंच आजोबांच्याच लाल रंगाच्या. शकीलने त्याची टाकी आमच्या स्टँडवर ठेवली. जुन्या काचेवरचं कार्ड त्याने ब्लेडने अलगद सोडवलं आणि नव्या काचेवर त्याच कोपऱ्यात लावलं. मी वहीत नोंद केली. भाऊसाहेब यांजकडून परत. मग हंडा पुसून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि त्याच्या जागी पिण्याच्या पाण्याला स्टीलचं पिंप आणून ठेवलं.

दिवाळीनंतर आजोबा घरी आले. खूप हलके झाले होते. दारातून ते आधी टाकीकडे गेले, स्टुलावर बसले आणि बराच वेळ बघत राहिले. काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक ओरखडा होता, जुन्या काचेला नव्हता. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला.

“वाढली मंडळी,” ते म्हणाले. मग, “पाणी दे गं थोडं.”

मी पेला दिला. एक घोट घेऊन त्यांनी पेला उजेडात धरला, पिशवी धरली होती तसा.

“हंडा कुठे गेला?”

“घासायला काढलाय.”

“बरं,” ते म्हणाले.

पुढे पंधरा दिवस त्यांनी त्याविषयी काही विचारलं नाही. एकदा दुपारी वीज गेलेली असताना मी त्यांच्याशेजारी बसून टाकीत पेल्याने पाणी सोडत होते. सांगून टाकावं म्हणून मी म्हणाले, “अहो, मला तुम्हाला एक—” ते म्हणाले, “चहा ठेवतेस का? आज घसा बसलाय.” मी उठले. चहा होईपर्यंत माझं वाक्य कुठेतरी गेलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी तिघं आले. भाऊसाहेब उंबऱ्यापाशी, कारण हात अजून निळे होते. बोलणं पाण्याच्या खारेपणावर चाललं होतं. मधेच आजोबा शकीलला म्हणाले, “माळ्यावर एक हंडा आहे बघ, फडक्यात. तेवढा खाली काढ. मला स्टीलमधलं पाणी गोड लागत नाही.”

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मीही चिवड्याच्या डब्याचं झाकण बंद करून पुन्हा उघडलं. शकील स्टुलावर चढला. हंडा उतरला, मी तो विसळला, भरला आणि त्याच्या जुन्या जागी ठेवला. संध्याकाळी, निघायच्या आधी, आजोबांनी त्यातलं पाणी मागितलं.

बाहेरून भाऊसाहेब म्हणाले, “तात्या, आम्हालाबी द्या की. लांब जायचंय.”

सगळ्यांनी पाणी प्यायलं. गुरुजींनी पेला वर धरून, तोंड न लावता. भाऊसाहेबांचा पेला मी उंबऱ्यावर ठेवायला वाकले आणि मग ठेवला नाही, त्यांच्या हातात दिला. ते दचकले. ओल्या पेल्यावर त्यांच्या बोटांचे फिकट निळे ठसे उमटले.

जानेवारीत, बागांमध्ये मणी भरत असताना, आजोबा गेले. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी मला विचारलं नाही. आमच्या बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढी एकच गोष्ट दोघांना माहीत असून बोललेली नव्हती, असं मी तेव्हा मानत होते. आता वाटतं, आणखीही असतील.

बैठक त्यानंतर दोनदा भरली. मग कुणाच्या घरी कार्य, कुणाचं दुकान हललं. एका वर्षी भाऊसाहेबांची बाग गारपिटीने गेली. पुढल्या उन्हाळ्यात हौदाचा तळ फुटला, तो पुन्हा भरला नाही. कुणाकडे कुणाच्या लेकी आहेत हे माझ्या वहीत अजून लिहिलेलं आहे, पण त्या पत्त्यांवर आता काही पोहत नाही. माझ्याच्याने टाकी होईना. यंदा मार्चमध्ये शकील ती न्यायला आला. पाणी उपसलं, स्टँड पुसला. जाताना त्याने काचेवरचं कार्ड सोडवून माझ्या हातात दिलं. “काकू, हे तुमचं.”

ते कार्ड मला पाठ होतं, म्हणूनच त्या दिवाळीनंतर मी ते एकदाही वाचलं नव्हतं. त्या दिवशी वाचलं.

अन्वी, ईशान, त्यातली तिसरी ओळ मी तशीच खाली उतरवते आहे. बाकीच्या सहा ओळी वेगळ्या कागदावर पाठवीन. त्यांत घाईचं काही नाही.

‘पाणी कमी झाल्यास रात्रभर प्लास्टिकच्या बादलीत साठवलेलं पाणी घालावं. रोज एक जग. सावकाश.’

‘प्लास्टिकच्या बादलीत’ हे दोन शब्द ओळीच्या वर आहेत, खाली छोटं काकपद करून आत घेतलेले. शाई वेगळी आहे. अक्षर कापरं आहे, तरी बाकीच्या अक्षरासारखं दिसावं म्हणून जपून काढलेलं आहे. कार्डावर ते आधीच असतं तर चूक माझी ठरली असती. नव्हतं म्हणून त्यांनी ती आपल्या ओळीची मानली, न बोलता दुरुस्त केली आणि पुन्हा काचेला लावून ठेवली.

मी तीस वर्षं ग्रंथपाल होते. नंतर घातलेले शब्द मला ओळखता येतात.